काय झालं ते लिही

पाच वाजले की आमचे सर पळायचे. पळायचे म्हणजे खरोखर. चंबूत काहीही उकळत असो, विभागप्रमुख दारात उभे असोत, बाहेरगावचा परीक्षक चहाचा घोट घेऊन पुढचा प्रश्न विचारायच्या बेतात असो, सर एप्रन खुंटीला अडकवायचे, “घरी काम हाय” म्हणायचे आणि जिना उतरायचे. एकदा एका मुलाची तोंडी परीक्षा अर्ध्यात टाकून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याला त्याच वाक्यापासून पुढं बोलायला लावलं. घरी कसलं काम, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आम्ही आपले अंदाज बांधायचो. कुणी म्हणायचं क्लास घेतात, कुणी म्हणायचं म्हैस पाळलीय. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं बायकोला भितात असंही म्हणता येईना. खरं कारण मला कळलं ते सर गेल्यावर, आणि तेही एका बाटलीवरून. मला शेवटी कळलं म्हणून तुम्हालाही शेवटीच सांगते.

सर कथलाचे. म्हणजे त्यांचा सगळा जन्म कथलाची सेंद्रिय संयुगं बनवण्यात गेला. भांड्यांच्या कल्हईत असतं ते कथील हेच. तिथं ते गरीब असतं. पण त्याला कार्बनची कडी जोडली की त्याच्या अंगात येतं. बुरशी मारतं, शेवाळ मारतं, किडे मारतं, आणि माणसाचा हात बेफिकीर असला तर त्यालाही सोडत नाही. एखादं नवं संयुग बनवायचं, त्याचे स्फटिक पाडायचे, आत अणू कसे बसलेत ते क्ष-किरणांनी बघायचं, मग ते कशाकशाला मारतं ते तपासायचं. वर्षानुवर्षं आमची प्रयोगशाळा एवढंच करत होती. सोलापुरात चादरी विणणारे हजारो आहेत, पण हे विणकाम करणारे आमचे सर एकटेच.

विणकाम म्हणते त्याला कारण आहे. सर भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातले. अणूंच्या रचनेचे महागडे प्लास्टिकचे साचे विभागात होते, ते त्यांनी कधी हातात घेतले नाहीत. मागावरच्या रिकाम्या कांड्या आणि सायकलचे आरे घेऊन ते स्वतः साचे बनवायचे. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा टेबलावर असलाच एक सांगाडा होता. मधे एक मोठी कांडी, तिच्याभोवती आऱ्यांवर पाच छोट्या.

“मोज,” सर म्हणाले.

“पाच.”

“कार्बनला किती असतात?”

“चार.”

“कार्बन लई शिष्ट. चार शेजारी झाले की दार लावून घेतो. कथील बघ. चार बसलेले असले तरी पाचवा आला की सगळ्यांना म्हणतो, सरका थोडं. सरकताना वाकडंतिकडं होतंय, पण बसवतो की.”

मी बसायला जागा मागितली नाही. कारण त्यांच्या प्रयोगशाळेत चारच टेबलं होती आणि चारही भरलेली होती, हे मला ऑफिसातल्या क्लार्कनं आधीच सांगितलं होतं. सर उठले, कोपऱ्यातली एक फळी दोन स्टुलांवर आडवी टाकली, बेसिनशेजारी. “हितं बस. पाणी अंगावर उडंल. चालंल?” मी म्हटलं, चालंल. पुढची पाच वर्षं माझ्या अंगावर पाणी उडत होतं.

त्यांचे नियम ऐकून पहिल्या महिन्यात मला वाटलं, हा माणूस नक्की थोडा सटकलेला आहे. संयुगांना नंबर द्यायचे नाहीत, हा एक. सर स्वतः शिकत असताना त्यांचं आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं ‘तीन नंबर’ आपसात बदललं होतं आणि दोघांचे सहा महिने पाण्यात गेले होते. तेव्हापासून सर संयुगांना स्टेशनांची नावं द्यायचे. पहिलं होटगी. मग तिलाटी, अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी, दुधनी. वाडीकडं जाणाऱ्या गाडीत बसल्यासारखं. ती लाईन संपली की होटगीहून विजापूरची धरायची. “बोरोटी पिवळी पडली”, “नागणसूर अजून ओलंय”, “दुधनी किती निघाली?” अशी आमची भाषा. स्टोअरमधल्या शिपायाची खात्री होती की सर जमिनीचे व्यवहार करतात. त्यानं मला एकदा बाजूला घेऊन विचारलंही, दुधनीला एकराला काय भाव चाललाय म्हणून.

जेवण प्रयोगशाळेत नाही, व्हरांड्यात नाही, इमारतीतच नाही. एप्रन आत ठेवायचे, साबणानं तीनदा हात धुवायचे, तिन्ही वेळा सर बघणार, आणि मग मागच्या लिंबाखाली बसायचं. सर डब्यातून कडक भाकरी काढायचे, मोडताना कडाकड आवाज यायचा, आणि वर शेंगाचटणी नि दही. माझा डबा दिसला की अर्धी भाकरी माझ्या झाकणावर टाकायचे. खा म्हणायचे नाहीत. न खाल्ल्यास मात्र उठायचे नाहीत.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी. तयार झालेलं प्रत्येक संयुग एका बुटक्या काचेच्या बाटलीत, आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी. तिच्यावर पाच रकाने. तारीख, बाटलीचं वजन, किती काढलं, कशासाठी, काय झालं. सगळं पेन्सिलनं, कारण शाईवर स्पिरिट सांडलं की अक्षर वाहून जातं. चिमूटभर काढलं तरी बाटली तोलायची आणि लिहायचं. पहिले चार रकाने कुणीही भरतो. सर पाचव्यावर अडून बसायचे. काढलेल्याचं काय झालं ते लिहिल्याशिवाय बाटली कपाटात जायची नाही.

“सर, काहीच झालं नाही.”

“मग तसं लिही. काही झालं न्हाय, हे पण झालेलंच असतंय की.”

जळालं लिहा, सांडलं लिहा, माझी चूक झाली लिहा, सगळं चालायचं. त्याबद्दल ते कधी ओरडले नाहीत. रिकामा रकाना दिसला की मात्र चेहरा असा व्हायचा, की आपण त्यांच्या घरातलं काहीतरी फोडलंय.

त्यांच्या घरी मी एकदा गेले होते, एका फॉर्मवर सही हवी होती म्हणून, मे महिन्यातल्या सुट्टीत सकाळी. सोलापूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. पुढच्या खोलीत सरांचे वडील बसलेले. तेलुगूत वडलांना नायना म्हणतात, आणि घरी येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्यांना नायनाच म्हणायचं. बनियन, लुंगी, कूलरसमोर खुर्ची, आणि पायात पोटऱ्यांपर्यंत चढवलेले पांढरे सुती मोजे. त्या उन्हाळ्यात. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली असावी.

“तू पण कथील का?” त्यांनी विचारलं.

“हो, नायना.”

“हात धुतेस का नीट?”

“तीनदा.”

“मग बस. चहा घे.”

मला वाटलं, बापलेक दोघंही एकाच मुशीतले. म्हातारपणी एकेकाला एकेक छंद असतो, यांना मोज्यांचा. सर सही करून आले, मी चहा पिऊन निघाले. यापलीकडं मी काही विचार केला नाही, आणि आता त्याचं मला वाईट वाटतं.

आता माझा प्रताप ऐका.

आम्ही सांगोल्याकडचे मेंढरंवाले. माझ्या दादानं सातवीत शाळा सोडून काठी हातात घेतली, म्हणून मी शिकले. हे तो कधी बोलला नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमची मेंढरं मरायला लागली. आधी जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, मग मेंढरू रोडावायचं, मग एक दिवस बसायचं ते उठायचंच नाही. सरकारी डॉक्टरांनी एक मेलेलं कापून दाखवलं. काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखे चपटे किडे. हे किडे लहान असताना तळ्यातल्या गोगलगायींच्या अंगात वाढतात, मग काठच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर मेंढरांच्या पोटात जातात, असं त्यांनी समजावलं. वेळेवर औषध पाजा आणि मेंढरं तळ्याच्या ओल्या काठाला चारू नका, म्हणाले. आता आमच्या भागात उन्हाळ्यात तळ्याचा काठ सोडून हिरवं असतं कुठं? डॉक्टर गेले आणि मेंढरं परत काठालाच गेली. आईनं वाढवलेली एक पाठ, कोवळी मेंढी, तर आईच्या मांडीवरच गेली.

नेमक्या त्याच महिन्यात माझ्या वाट्याला आलेलं दुधनी प्राणिशास्त्र विभागातून तपासून आलं. अगदी कमीत कमी मात्रेतही गोगलगायी मरत होत्या. आनंदाच्या भरात मी घरी फोन केला. आईच्या हातातनं दादानं फोन घेतला.

“मग आन की ते हिकडं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली मी सरांना घरची सगळी हकीकत सांगून विचारलं, “सर, हे तळ्यात थोडंसं टाकलं तर?”

“न्हाय.”

“अगदी थोडं?”

“ह्याचं थोडं पण लई असतंय. न्हाय म्हणलं की न्हाय.” आणि डबा बंद करून उठले. कारण सांगितलं नाही. निदान मला तरी ते कारण वाटलं नाही. मला इतका संताप आला. हे काय शास्त्र? कागदावर गोगलगायी मारायच्या आणि घरची मेंढरं डोळ्यांदेखत मरू द्यायची? यांच्या काय बापाचं जातंय, असं मी मनात म्हटलं. नेमके हेच शब्द म्हटले होते, म्हणून सांगते.

एका शनिवारी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी दुधनीच्या बाटलीतनं चार ग्रॅम काढलं, औषधाच्या रिकाम्या डबीत भरलं आणि गावची गाडी धरली. चिठ्ठीवर काही लिहिलं नाही. बाटली तशीच कपाटात ठेवली. मला हे माहीत नव्हतं की सर दर रविवारी सकाळी एकटे येऊन कपाटातली प्रत्येक बाटली तोलतात. आम्हाला वाटायचं पेपर वाचायला येतात.

संध्याकाळी डबी दादाच्या हातात दिली. “हाताला लावू नको, चमच्यानं घे. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी उथळ बाजूला टाक,” म्हटलं. दादानं मान हलवली.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला मी दारात भांडी घासत होते. मान वर केली तर समोर सर. डोक्याला रुमाल बांधलेला, गुडघ्यापर्यंत धूळ. सोलापूरहून एस.टी.नं सांगोला, तिथनं जीपनं फाटा, आणि फाट्यापासनं चालत. आईला वाटलं मोजणीवाले आले.

“टाकलं का?” त्यांनी मला विचारलं. एवढंच.

खोटं बोलायचा धीर झाला नाही. “सकाळीच टाकलं असंल, सर,” मी म्हटलं.

सर दारातल्या दगडावर बसले. मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, हिरमुसलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी भयंकर केलंय आपण, एवढं कळलं, काय ते अजून नीट कळलं नव्हतं.

तेवढ्यात वाड्याच्या मागनं दादा आला. मेंढरांच्या वाड्याच्या म्हणते. अनवाणी, हातात डबी.

“न्हाय टाकलं,” तो म्हणाला. “तुमी मास्तर व्हय? बरं झालं आलासा. जरा बघा की हितं.”

सरांनी आधी त्याला बसवलं. “पाय दाखव.”

“आं?”

“पाय. दोन्ही.” आणि त्यांनी दादाची टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. प्रत्येक बोट फाकवून बघितलं. “हितं सांडलं का? खाज येतीय का? आग होतीय का?” दादा लाजून अर्धा झाला. आईनं पदर तोंडाला लावला. एवढा शिकलेला माणूस आपल्या पोराचे पाय का धरतोय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही नाही कळलं. पाय झाल्यावर सरांनी दादाचे हात स्वतः साबणानं धुतले. तीनदा.

मग दादा आम्हाला मागं घेऊन गेला. सावलीत दोन घमेली ठेवलेली. दोन्हींत तळ्याचं पाणी, तळ्याचा गाळ. एकातल्या गोगलगायी कडेनं चढत होत्या, बारकी मासळी फिरत होती, बेडकाची पिल्लं शेपट्या हलवत होती. दुसऱ्यात सगळं तळाशी, हालचाल नाही.

“ह्याच्यात काल चिमूटभर टाकलं,” दादा म्हणाला. “म्हनलं आधी घमेल्यात बघू, मग तळ्यात. सकाळी मेंढरं घेऊन गेलो, आत्ता येऊन बघतोय तर ह्ये आसं. गोगलगाय मेली त्ये बेस झालं. पर मासळी बी मेली, बेडकं बी मेली. त्येच पानी मेंढरं पिणार, बाया भरून न्हेणार. मग कसं टाकू?”

“आणि हे दुसरं घमेलं कशाला?” सरांनी विचारलं.

“मग कळणार कसं, दव्यानं मेलं का उन्हानं?”

सर घमेल्यांपाशी उकिडवे बसले. मग माझ्याकडं वळले. “ऐकलंस? हे शिकवायला मला एकेका पोराच्या मागं वर्ष घालवावं लागतंय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुळीमुळं असेल असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तिथून पुढं त्यांनी जे केलं ते आमच्या गावात आजही सांगतात. त्यांनी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन मागितला. औषध टाकलेल्या घमेल्यातलं पाणी, मेलेली मासळी, तळाचा गाळ, सगळं त्यात भरलं. घमेलं विसळलं, ते पाणीही भरलं. मग म्हणाले, “घमेलं पण द्या.” आई म्हणाली, “मास्तर, नवं हाय वो त्ये.” पण दिलं. (पुढच्याच आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर दोन घमेली पाठवली.) जेवायला बसले, भाकरीवर भाकरी खाल्ली, आईच्या कालवणाची तारीफ केली, आणि मला म्हणाले, “चल.”

एस.टी.त सर खिडकीशी, मांडीवर कॅन, दोन्ही हातांनी धरलेला. घमेलं माझ्या पायाशी. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय त्यात?”

“पाणी.”

“सोलापूरला पाणी न्हेताय?” कंडक्टरनं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं. “बराबर हाय. तितं नळ चार-पाच दिसांनी येतो. मास्तर गावाकडनं भरून चाललेत.” गाडी हसली. सरही हसले. पण गतिरोधक आला की कॅन मांडीवरनं अलगद वर उचलायचे.

मंगळवेढ्याच्या अलीकडं पुढच्या सीटवरचे एक म्हातारे मागं वळले. “घोटभर द्या की पाणी. घसा कोरडा पडलाय.” आणि त्यांनी कॅनच्या झाकणाला हात घातला.

सरांनी झाकण तळव्यानं झाकलं. “हे प्यायचं न्हाय, आजोबा,” ते म्हणाले. आणि मला, “उतर पुढच्या स्टँडवर, बाटली घेऊन ये त्यांना.”

मी उतरले. बाटली घेतली, आणि सुट्टे पैसे तिथंच विसरले. गावातलं तळं डोळ्यांपुढं आलं. तिथं झाकणावर हात ठेवायला कोण होतं? दादानं घमेलं ठेवलं नसतं तर? परत येऊन बसले आणि सोलापूरपर्यंत पदर तोंडात धरून रडले. कॅन सोडून हात हलवता येत नव्हता, म्हणून सरांनी कोपरानं मला एकदा हळूच ढोसलं. बस.

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा पाच कधीच वाजून गेले होते. माझ्या आठवणीत पाचची वेळ चुकलेला तो एकच दिवस. सरांनी घरी फोन लावला, तेलुगूत काहीतरी बोलले, मला फक्त ‘नायना’ एवढंच कळलं. मग कॅन विषारी द्रवांच्या पिंपात रिकामा केला, डबी तोलली, आणि दुधनीची बाटली माझ्यासमोर ठेवली.

“लिही.”

मी तारीख लिहिली. वजन लिहिलं. चार ग्रॅम. कशासाठी, भावाच्या मेंढरांसाठी. पाचव्या रकान्याशी थांबले.

“काय झालं ते लिही,” सर म्हणाले. “आत्ता न्हाय लिहिलंस तर जन्मभर न्हाय लिहिता येत.”

मी लिहिलं, “गोगलगायी मेल्या. मासे मेले. बेडकाची पिल्लं मेली. भावानं तळ्यात टाकलं नाही.” रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला गेलं. सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

“सर, मी टेबल सोडू का?”

त्यांनी कांड्यांच्या सांगाड्याकडं बोट केलं. “कार्बन असतो तर सोड म्हणलो असतो,” ते म्हणाले. “उद्या साडेसातला ये.”

माझ्या प्रबंधात मासे आणि बेडूक आले. प्राणिशास्त्रवाल्यांनी रीतसर चाचण्या केल्या, तेच निघालं. गोगलगायींवर रामबाण म्हणून जो लेख गाजणार होता, तो न गाजता छापून आला, आणि सर त्यावर खूश होते. ऋणनिर्देशात पहिलं नाव दादाचं टाकायला त्यांनीच लावलं. डॉक्टरांना गाठून औषधाचं वेळापत्रक करून घेतलं. दादानं काठाला काटेरी कुंपण घातलं आणि मेंढरांना वर हौदात पाणी पाजायला लागला. ते वर्ष वाईट गेलं, पण कळप राहिला.

सर निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. झोपेत, काही त्रास न देता. मी आता त्यांच्या खुर्चीत बसते. फळी अजून बेसिनशेजारी आहे आणि तिच्यावर पाचवी मुलगी बसते.

गेल्या महिन्यात विभाग नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. कपाटातली प्रत्येक बाटली मी स्वतः उतरवली, तोलली, चिठ्ठी वाचली. सगळ्यात खालच्या फळीवर, पार मागं, होटगी होती. सरांनी स्टेशनाचं नाव दिलेलं पहिलं संयुग, ते स्वतः विद्यार्थी असतानाचं. चिठ्ठी तपकिरी झालेली, अक्षर कोवळं पण त्यांचंच. बुरशीवर चाचणी, बुरशी मेली. परत चाचणी, परत मेली. आणि शेवटची ओळ. दोन ग्रॅम. कशासाठी, ‘नायनांच्या पायांसाठी’. पाचवा रकाना रिकामा. अख्ख्या कपाटातला तो एकच रिकामा रकाना.

मी तिथंच जमिनीवर बसले. पाच वाजता पळणारे सर, मे महिन्यातले मोजे, दादाची टाच मांडीवर घेतलेले सर, सगळं एकदम समोर आलं. आणि ‘यांच्या काय बापाचं जातंय’ हे माझं वाक्यही आलं. मी चिठ्ठी सोडवून पर्समध्ये ठेवली आणि भवानी पेठेत गेले.

नायना नव्वदीच्या पुढं गेलेत. सरांची धाकटी बहीण त्यांचं करते. मी पोचले तेव्हा पाच वाजत होते आणि ती कोमट पाण्याचं पातेलं, कापूस आणि खोबरेल तेल घेऊन बाहेर येत होती. “अण्णा असेपर्यंत त्यानं आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही,” ती सरांबद्दल म्हणाली. “चाळीस वर्षं त्यानंच केलं.” तिनं मोजे उतरवले. पावलांची कातडी चकाकत होती, गुलाबी, पातळ, आणि तीन बोटं एकमेकांना जुळलेली होती. मी पातेलं तिच्या हातातनं घेतलं, खाली बसले आणि एक पाय पुसायला लागले.

“नायना, पायांना आधी काय झालं होतं?” मी विचारलं.

“सुताच्या डाईंगमध्ये दिवसभर रंगाच्या पाण्यात उभं राहायचो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. रक्त येईपर्यंत खाजवायचो.” ते थांबले. “पोरगं शिकत होतं. औषध घेऊन आलं.”

मी चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. नायनांना मराठी वाचता येत नाही.

“त्यानं लिहून ठेवलंय?” नायना म्हणाले.

“हो. दोन ग्रॅम, तुमच्या पायांसाठी.”

“आणि पुढं?”

“पुढं काही नाही, नायना. काय झालं ते लिहिलंच नाही त्यांनी.”

नायनांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

“खाज थांबली की,” ते म्हणाले. “चार दिवस मी झोपलो. वर्षभरात झोपलो नव्हतो तसा. पाय गेले ते नंतर. पण आधी खाज थांबली. त्याला किती वेळा सांगितलं. ऐकायचाच नाही, पाय धरून बसायचा नुसता.” त्यांनी चिठ्ठीकडं हनुवटी केली. “लिही तू.”

पर्समध्ये पेन्सिल होतीच. आमच्याकडं सगळ्यांच्या पर्समध्ये असते. मी लिहिलं, “खाज थांबली. नायना चार दिवस झोपले. मग पाय भाजले.” त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि खाली तेलुगूत सही केली.

“आता जाऊ दे ती बाटली कपाटात,” नायना म्हणाले, आणि दुसरा पाय माझ्यापुढं केला.